भेटण्याची वेळ : सूर्यास्तानंतर

"तिकडे काय ठेवलंय? काही नाही!" हे वाक्य मराठी माणूस दोनच जागांबद्दल हमखास बोलतो. एक म्हणजे दुसऱ्याचं गाव आणि दुसरी म्हणजे आपल्या घरामागची टेकडी. दुसऱ्याच्या गावाचं ते गाव बघून घेईल. टेकडीबद्दल मात्र मला भांडायचं आहे. आणि टेकडीला स्वतःचं तोंड नसल्यामुळे हे भांडण मी आपण होऊन अंगावर घेतलं आहे.

समजा, एखादा गृहस्थ रात्री अकरा वाजता पोस्टात गेला, दाराला कुलूप पाहून परत फिरला आणि गावभर सांगत सुटला, की "आपल्या गावात पोस्ट नाहीच मुळी!" तर त्याला आपण काय म्हणू? जे म्हणू ते इथे छापता येणार नाही. पण टेकडीच्या बाबतीत नेमकं हेच करणाऱ्याला आपण निसर्गप्रेमी म्हणतो. हा निसर्गप्रेमी सकाळी साडेसहाला पांढरे बूट चढवून टेकडीवर जातो. वर पोचल्यावर दोन्ही हात आकाशाकडे नेऊन मोठ्यानं श्वास घेतो, तो सोडताना शेजारच्या माणसाला गुडघ्याच्या ऑपरेशनचा खर्च विचारतो, आणि साडेसातला पायथ्याशी चहा पिताना निकाल देतो, "टेकडी अगदीच बोडकी झाली हो. काही उरलं नाही!" ज्याच्याविरुद्ध हा निकाल लागतो, तो बिचारा त्या वेळी झोपलेला असतो. त्याची पाळी संध्याकाळची.

त्याचं नाव रानकांदा. नाव ऐकून नाक मुरडू नका. नावाबद्दल मलाही बोलायचं आहे, पण आधी ओळख करून देतो. पुण्याच्या टेकड्यांवर, किंवा देशावरच्या कुठल्याही खडकाळ माळावर, मार्चपासून मे महिन्यापर्यंत केव्हाही जा. गवत वाळून कडकडीत झालेलं असतं, खडक तापलेले असतात, आणि मधूनच जमिनीतून एक सरळ काडी वर आलेली दिसते. हातभर, कधी दीड हात. बुंध्याशी एकही पान नाही. कुणीतरी मुद्दाम रोवून ठेवल्यासारखी ती नुसतीच उभी असते. काडीच्या वरच्या भागात लांब देठांवर काही कळ्या आणि काही सुकून चिमटलेली फुलं लोंबत असतात. सकाळच्या प्रहरी पाहणाऱ्याला ते एखादं वाळून गेलेलं गवतच वाटतं. कुणी हातातल्या छडीनं ती काडी सहज मोडून पुढे जातो. त्याचाही दोष नाही. मोडलेल्या काडीनं आजवर कुणाची तक्रार केलेली नाही.

आता तीच काडी दिवस मावळल्यावर पाहा. लोक खाली उतरलेले असतात, शहराचे दिवे लागत असतात, आणि त्या वाळक्या काडीवरच्या दोनचार कळ्या उघडायला लागतात. सहा पाकळ्या, मळकट पांढऱ्या, हिरवट-तपकिरी झाक असलेल्या, आणि प्रत्येक पाकळीच्या मधोमध एक गडद पट्टा. फूल खाली मान घालून लोंबतं. मान खाली असली तरी पाकळ्या मागे झुकवून ते चांगलं ऐसपैस उघडतं. एका संध्याकाळी सगळी फुलं उघडत नाहीत. खालून सुरुवात होते आणि रोज थोडी थोडी वर सरकते. एका फुलाच्या वाट्याला एकच रात्र. पहाटेला दुकान बंद. साडेसहाला पांढरे बूट वर पोचतात तेव्हा फुलानं आवराआवर केलेली असते.

पुढे पाऊस पडला की मग पानं येतात, लांब आणि चपटी. तोवर फुलं आटोपून तीन कप्प्यांची बोंडं झालेली असतात आणि त्यांतून काळं, चपटं बी सांडलेलं असतं. म्हणजे आधी लग्न आणि मग घर बांधायला काढलं, असा या झाडाचा उलटा कारभार. जमिनीखाली कांद्यासारखा पांढरा कंद असतो, तो विषारी. गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून इतकी चराई होऊनही तो माळावर टिकून आहे. हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं त्याच्यात असतात आणि औषधांच्या ग्रंथांत त्याला जुनं स्थान आहे. त्याचा भूमध्य समुद्राकाठचा एक भाऊ तर उंदीर मारण्याच्या कामी प्रसिद्ध आहे. एकूण घराणं सरळ नाही, पण कर्तबगार आहे.

तेव्हा ओळखायच्या खुणा चार. एक, उन्हाळा. दोन, पानांशिवाय उभी काडी. तीन, पट्ट्याची मळकट पांढरी फुलं. आणि चार, वेळ. माझं सगळं भांडण या चौथ्या खुणेवरून आहे. पहिल्या तिन्ही खुणा फोटोत येतात. चौथी येत नाही, तिथे स्वतःलाच जाऊन उभं राहावं लागतं.

आता नावाकडे येतो. संध्याकाळी फुलणारी फुलं सांगा म्हटलं, की आपण घडाघडा चार नावं सांगतो : गुलबाक्षी, रातराणी, निशिगंध आणि ब्रह्मकमळ. काय नावं आहेत! नुसती उच्चारली तरी चांदणं पडावं. पण या चौघांचीही जन्मगावं काढून पाहा. गुलबाक्षी अमेरिका खंडातली. फारशी लोकांनी तिला गुल-ए-अब्बास म्हटलं आणि आपण तिची गुलबाक्षी करून परकराच्या वयाच्या मुलींच्या वेण्यांत घातली. रातराणी मध्य अमेरिकेच्या बाजूची, आणि कूळ विचाराल तर वांग्या-बटाट्याचं. निशिगंध मेक्सिकोचा. आणि ब्रह्मकमळ? तेही मेक्सिकोच्याच बाजूचं, आणि जातीनं निवडुंग!

या ब्रह्मकमळाची गंमत दरवर्षी पावसाळ्यात आमच्या इमारतीत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या कुंडीत कळी धरली, की आठ दिवस आधी वर्दी येते. त्या रात्री जिन्यावर चपलांचा ढीग पडतो. कळीला हळदकुंकू वाहतात, उदबत्ती लावतात, मसाला दूध होतं. बारा वाजेपर्यंत पेंगणारी मुलं धरून जागी ठेवतात. "हिमालयातलं फूल, भाग्यवंताच्याच घरी उमलतं," असं कुणीतरी सांगतं आणि बाकीच्या हात जोडतात. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ हे शेवंती-सूर्यफुलाच्या कुळातलं, उत्तराखंडाचं राज्यपुष्प. साडेतीन-चार हजार मीटर उंचीवर, दगडधोंड्यांत, थंडीवाऱ्यात वाढणारं. त्याला आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्याची हवा मानवणं शक्य नाही. पण वहिनींचं मसाला दूध उत्तम असतं, तेव्हा या मुद्द्यावर मी जिन्यात वाद घालत नाही. इथे घालतो.

आणि वाद पाहुण्या फुलांशी नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाही तर उद्या कुणी रातराणी उपटायला निघेल. मिरची बाहेरची, बटाटा बाहेरचा, टोमॅटो बाहेरचा. परकं ते फेकायचं ठरवलं तर आपल्या ताटात वरणभात आणि लिंबाची फोड एवढंच राहील. पाहुण्याला मान द्यावा, हे आपल्या रक्तातच आहे. माझं म्हणणं एवढंच, की पाहुण्याला पाटावर बसवताना घरच्या पोराला "कोण रे तू?" म्हणून विचारू नये. बाहेरून आली ती राणी, आणि घरचा तो कांदा! बरं, खरोखरीचा कांदा तरी? तेही नाही. स्वयंपाकघरातल्या कांद्याचं कूळ वेगळं. आजचे वनस्पतिशास्त्रज्ञ रानकांद्याला शतावरीच्या कुळात घालतात आणि त्याच कुळात तो मेक्सिकोचा निशिगंधही येतो. म्हणजे लग्नात नवरदेवाच्या गळ्यात हार होऊन मिरवतो तो, आणि टेकडीवर छडीनं मोडला जातो तो, हे दोघे एकाच कुळातले भाऊबंद आहेत. एक परदेशातून आल्यामुळे नावारूपाला आला, दुसरा इथेच राहिला. आपल्याकडच्या पुष्कळ घरांत हा प्रकार आढळतो.

रानकांदा, कोळकांदा, जंगली कांदा, अशी याची आणखीही नावं आहेत. सगळी पाहा : एकही नाव फुलाचं नाही. सगळी जमिनीखालच्या गड्ड्याची. याला नाव ठेवणारानं ते दिवसा, कुदळ हातात घेऊन ठेवलेलं आहे. खणलं, कांद्यासारखं दिसलं, चाखलं, थुंकलं आणि नाव ठेवून पुढे गेला. संध्याकाळी तिथे थांबला असता, तर या काडीला दिवटी, सांजकाडी असं काहीतरी नाव मिळालं असतं. नाव कोण ठेवतं एवढ्यावर भागत नाही. ते किती वाजता ठेवतं, हेही महत्त्वाचं आहे.

शास्त्रज्ञांनी तरी याला कुठे सुखानं राहू दिलं? १८३२ साली छापल्या गेलेल्या ग्रंथात रॉक्सबर्गसाहेबानं याला सिल्ला इंडिका म्हटलं. १८४३ मध्ये त्याचं अर्जिनिया इंडिका झालं. अर्जिनिया हे नाव अल्जीरियातल्या एका टोळीवरून घेतलेलं. १९७७ मध्ये पुन्हा बदल होऊन ड्रिमिया इंडिका झालं. हे नाव तिखट-जहाल या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. नगरपालिकेनं रस्त्याची नावं बदलावीत तशी ही नावं बदलली. रस्त्यावर राहणाऱ्याला कुणी विचारलं नाही. पण शास्त्रज्ञांची एक गोष्ट मी मान्य करतो. या रानकांद्याच्या भावंडांना एकमेकांपासून वेगळं ओळखताना फूल दिवसाच्या कुठल्या वेळी उघडतं आणि केव्हा मिटतं, हेही ते पाहतात. म्हणजे कुणीतरी विद्वान माणसं घड्याळ घेऊन माळावर बसली असली पाहिजेत. अशा विद्वत्तेपुढे मी टोपी काढतो.

ही कल्पना काही नवी नाही. लिनियसनं १७५१ मध्ये फुलांचं घड्याळच मांडलं होतं. कोणतं फूल किती वाजता उघडतं आणि किती वाजता मिटतं, याची यादी. ती स्वीडनमधल्या उप्सालाच्या हवेची. ते घड्याळ पुण्यात लावून उपयोग नाही. पण फुलाला रंगाइतकीच वेळही असते, हे त्यानं पक्कं ओळखलं होतं. आणि त्याच्याही कितीतरी आधी आपल्याकडच्या संस्कृत कवींनी कमळ सूर्याचं आणि कुमुद चंद्राचं अशी वाटणी करून टाकली होती. लोक ती कविकल्पना समजतात. कल्पना कसली? साधी नोंद आहे ती! कुमुद खरोखरच रात्री उमलतं. ते कवी तळ्याकाठी संध्याकाळनंतरही थांबत होते, एवढाच त्याचा अर्थ. आज आपण तळ्याकाठी भेळ संपेपर्यंत थांबतो.

रात्री फुलणाऱ्यांची जमात आपल्याकडे मोठी आहे. टेटूचं फूल रात्री उमलतं, वटवाघळांच्या भरवशावर संसार करतं आणि उजाडायच्या आत गळतं. मोहाची फुलं पहाटे झाडाखाली पडतात, ती वेचणाऱ्याला अंधारात उठावं लागतं. प्राजक्त तर अंगणातला. पण आपण त्याला ओळखतो ते सकाळी जमिनीवर पडल्यानंतर. उमलताना त्याला पाहिलेला माणूस दाखवा! या फुलांचे रंग बहुतेक फिकट असतात, पुष्कळांना वास असतो; अंधारात येणाऱ्या पतंगांना आणि वटवाघळांना रस्ता सापडावा म्हणून ही सोय. त्यांचं गिऱ्हाईकच रात्रीचं. आपण त्यांचं गिऱ्हाईक नव्हतोच. म्हणून ते आपल्यासाठी दिवसा दुकान उघडत नाहीत, यात रागावण्यासारखं काय आहे?

यावर हल्ली एक उत्तर मिळतं, "त्यात काय एवढं? मोबाइल धरायचा, फोटो काढायचा, ॲप नाव सांगतं." शेजारच्या इंजिनिअर मुलानं हा प्रयोग मला करून दाखवला. सकाळी आठ वाजता त्यानं त्या काडीवर मोबाइल धरला. ॲपनं क्षणाचा विलंब न लावता तीन नावं सांगितली, तिन्ही दक्षिण आफ्रिकेतली. मी म्हटलं, "संध्याकाळी ये, फूल उघडल्यावर काढ." तो म्हणाला, "काका, संध्याकाळी लाइट नसतो ना, फोटो चांगला येत नाही." या वाक्यावर मी फार विचार केला. फोटो चांगला येत नाही म्हणून फूल पाहायचं नाही! उद्या उजेड कमी म्हणून हा मुलगा बोहल्यावरून उठून जाईल.

ॲप वाईट आहे असं मी म्हणत नाही. आमच्या लहानपणी असतं तर अंकगणितापेक्षा मी त्याच्यावर जास्त प्रेम केलं असतं. पण ॲप उत्तर देतं ते विचारलेल्या प्रश्नाचं, आणि आपण विचारतो काय? "याचं नाव काय?" नाव कळलं की संपलं. मोबाइल खिशात, काडी विसरली. लग्नात कुणी तरी "हे आमचे मावससासरे" म्हणून नमस्कार करायला लावतं, तेव्हा नाव कळतंच की! पण ओळख होते का? ओळख व्हायला त्यांच्याशेजारी पंगतीला बसावं लागतं, ते कढीबरोबर भात कसा कालवतात ते पाहावं लागतं. रानकांद्याशेजारी अर्धा तास बसणं म्हणजे ही पंगत. पहिली दहा मिनिटं काही होत नाही. मग डास येतात. मग खालून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. आणि मघाशी जी मिटलेली कळी होती, ती बघता बघता उघडी असते. नेमकी केव्हा उघडली, ते तुम्ही डास मारत असल्यामुळे निसटतं. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागतं. ओळख अशी होते.

आता कुणी म्हणेल, फूल ओळखलं काय नि न ओळखलं काय, कुणाचं काय अडलं? तेच सांगतो. अडलं ते फुलाचं.

आपल्या जमिनीच्या दप्तरात एक सुंदर शब्द आहे : पोटखराबा. ज्या जमिनीत पीक निघत नाही ती पोटखराबा. पोट बिघडल्यासारखा शब्द. दिल्लीची मंडळी जरा इंग्रजी वळणाची. त्यांनी अशा जमिनींचे नकाशे काढून 'वेस्टलँड ॲटलस' नावाचा ग्रंथच सिद्ध केला. त्याच्या बऱ्याच आवृत्त्या निघाल्या, त्यांतली एक २०१९ ची. खडकाळ माळ, गवताची टेकडी, उघडा कातळ, हे सगळं अशा हिशेबात वाया गेलेलं. आणि एकदा वाया गेलेलं ठरलं, की त्याला सुधारायला माणसं धावतात. मुलगा वाया गेला असं घरात ठरल्यावर जसे मामा, काका आणि ज्योतिषी धावतात, तसे.

आमच्या मागच्या टेकडीला सुधारण्याची सभा एप्रिलमध्ये भरली. पाच जूनला, पर्यावरणदिनी, पाचशे झाडं लावायची असं अध्यक्षांनी जाहीर केलं. टाळ्या झाल्या. मी उठून म्हटलं, "खड्डे घेण्याआधी एकदा सगळ्यांनी संध्याकाळी वर येऊन पाहावं."

"संध्याकाळी?" अध्यक्ष म्हणाले, "अहो, संध्याकाळी वर काय असतं?"

"फुलं असतात."

"कसली?"

"रानकांद्याची."

सभेत हशा पिकला. खजिनदारांनी "किलो काय भाव?" म्हणून विचारलं, तेव्हा तर अध्यक्षांनाही पाणी प्यावं लागलं. ठराव एकमतानं मंजूर झाला. माझं एक विरोधी मत इतिवृत्तात 'चर्चा खेळीमेळीत झाली' या शब्दांत नोंदवलेलं आहे.

मे महिन्यात यंत्र आलं आणि खड्डे घेतले गेले. नेमके कुठे? जिथे माती थोडी बरी होती तिथेच, म्हणजे जिथे रानकांदा होता तिथे. उकरलेल्या मातीत पांढरे कंद अर्धे कापलेले पडले होते. सगळ्या सोसायटीत त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. ओळखलं ते माती ओढणाऱ्या मावशींनी. मी एक कंद उचलला तशा त्या तिथूनच ओरडल्या, "भाऊ, टाका त्यो! रानकांदा हाय. इख असतंय त्यात." संबंध प्रकल्पातला वनस्पतिशास्त्र जाणणारा एकमेव माणूस रोजंदारीवर होता आणि त्याला सभेचं बोलावणं नव्हतं.

त्या खड्ड्यांत लावलं काय, तर ग्लिरिसिडिया. भराभरा वाढतं, पाणी मागत नाही, मेलं तरी पुन्हा फुटतं. सभासदांना आवडण्यासारखं झाड. तेही मेक्सिको-मध्य अमेरिकेचंच. आणि त्याला मराठीत आपण नाव काय दिलंय? गिरिपुष्प! डोंगराचं फूल! डोंगराचं जे खरं फूल होतं त्याला कांदा म्हणून उकरून टाकलं आणि त्याच्या जागी परदेशाहून आणलेल्या झाडाला डोंगराचं फूल ही पदवी देऊन टाकली. इतका सरळ अन्याय एखाद्या नाटकात दाखवला, तर परीक्षक भडक म्हणून नापास करतील.

इथे वृक्षप्रेमी उभे राहतील आणि विचारतील, "म्हणजे तुमचा झाडं लावायला विरोध?" मुळीच नाही. क. मा. मुन्शींनी १९५० मध्ये वनमहोत्सव सुरू केला, त्यामागची तळमळ मी जाणतो. रस्त्याच्या कडेला लावा, शाळेच्या आवारात लावा, जिथली तोडलीत तिथे तर आधी लावा. आमच्याच सोसायटीनं मोटारी लावायला जागा हवी म्हणून दोन कडुनिंब काढले, तिथे परत लावा. त्या जागेवर पाचशे नाही पण दोन तरी नक्की मावतील. पण वीतभर मातीच्या, खडकाळ, गवताच्या माळावर दाट झाडी उभी करणं म्हणजे माळाला सुधारणं नव्हे. उघड्या माळाचे रहिवासी उघड्यावरच जगतात. गवत, गवतात घरटी करणारे पक्षी, उन्हाळ्यात फुलणारे कंद, पावसाळ्यात दोन महिने दिसणारी इवलीशी फुलं, यांना सावली नको असते. आपल्याला सावली लागते म्हणून त्यांच्या डोक्यावर छत घालायचं, हा उपकार त्यांनी मागितलेला नाही.

दुसरा आक्षेप : "अंधारात टेकडीवर साप निघतात." निघतात. म्हणून टॉर्च न्यावा, बूट घालावेत, चौघांनी मिळून जावं आणि मळलेली वाट सोडू नये. मध्यरात्र गाठायची नाही. दिवस मावळल्यावर अर्धा-पाऊण तास पुरे. पायथ्याशी दिसलं तर वर चढायचीही गरज नाही. तिसरा आक्षेप घरातून येतो, "अहो, त्या वेळेला माझी मालिका असते." हिनं तो घेतला. या आक्षेपाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. पण एका संध्याकाळी वीज गेली आणि ही आपण होऊन आली. अर्धा तास बसली. फूल उघडलं. परतताना एवढंच म्हणाली, "ब्रह्मकमळाला आपण मसाला दूध करतो, याला निदान चहा तरी!"

तेव्हा माझी मागणी अगदी लहान आहे. कुठल्याही टेकडीवर, माळावर, सड्यावर खड्डा घेण्याआधी तिथे एक सभा भरवावी. सभागृहात नव्हे, तिथेच. सकाळी नव्हे, संध्याकाळी. आणि पाच जूनला नव्हे; एकदा एप्रिल-मेमध्ये आणि एकदा भर पावसाळ्यात. अध्यक्षांनी यावं, खजिनदारांनी यावं, इंजिनिअर मुलानं मोबाइल खिशात ठेवून यावं, आणि माती ओढणाऱ्या मावशींना सन्मानानं बोलावून, पूर्ण दिवसाची मजुरी देऊन, मधोमध बसवावं. काय आहे आणि काय नाही, हे त्यांनी सांगावं आणि आपण लिहून घ्यावं. एवढं करूनही खरोखरच काही आढळलं नाही, तर मग खुशाल ठराव करा, "इथे काही नाही." त्या ठरावाला मी अनुमोदन देईन.

पण तोपर्यंत कुणीही सकाळी साडेसात वाजता चहाच्या पेल्यावर टेकडीचा निकाल लावू नये. डॉक्टरांच्या दारावरची पाटी आपण वाचतो, वकिलाची वाचतो, वेळ झाली नसेल तर बाकावर मुकाट बसून राहतो. रानकांद्याच्या दारावरही तशीच पाटी आहे : भेटण्याची वेळ, सूर्यास्तानंतर, हंगाम, मार्च ते मे. फी नाही. नंबर लावावा लागत नाही. येताना छडी मात्र घरी ठेवावी.